कमी चाललेली आलिशान एसयूव्ही गोव्यात घेताना

तुमचा प्रश्न असा: तुम्ही फोंड्याला राहता, कामाला रोज बोरीच्या पुलावरून वेर्ण्याला जाता, महिन्या-दोन महिन्यांनी कोल्हापूरला एखादी फेरी होते. हातात ३५ लाख आहेत. त्यात एक नवी सात आसनी एसयूव्ही सहज येते. नाहीतर आसगावला एका दिल्लीकरांच्या बंगल्यात उभी असलेली २०१७ ची रेंज रोव्हर स्पोर्ट येते. ती तीन लिटर डिझेल आहे, फक्त ३८,००० किलोमीटर चाललेली. ‘एवढी कमी चाललेली गाडी परत मिळायची नाही,’ असं विकणारा सांगतो. घ्यावी का?

मी बरीच वर्षं गोव्यात जर्मन आणि ब्रिटिश गाड्यांचीच कामं करतोय. तुम्ही जे सगळं कळवलंत त्यात मला तो ३८,००० चा आकडाच सगळ्यात जास्त खटकला. मुंबई-पुण्याच्या हायवेवर लाखभर किलोमीटर पळालेली, दर वर्षाच्या बिलांसकट आलेली हीच गाडी मी तुम्हाला आधी बघायला सांगेन.

आठ वर्षांत ३८,००० म्हणजे महिन्याला चारशेही नाहीत. तेही सरासरीने. प्रत्यक्षात ती डिसेंबर-जानेवारीत विमानतळ, बंगला आणि किनारा एवढीच फिरली असेल, आणि मिरगापासून चवथीपर्यंत कव्हर घालून आंब्याखाली उभी राहिली असेल. बार्देश-पेडण्यातल्या सेकंड होमच्या अशा गाड्या आमच्याकडे नेहमी येतात. पळालेल्या गाडीचा आजार सहसा एका जागी सापडतो. उभ्या राहिलेल्या गाडीत तो सगळीकडे थोडा थोडा पसरलेला असतो, आणि म्हणूनच बिल मोठं होतं.

बॅटरीपासून बघू. या गाड्यांत कित्येक कंट्रोल युनिट, म्हणजे छोटे संगणक, असतात. गाडी लॉक केल्यावर ती झोपतात, पण थोडा करंट ओढत राहतात. महिनाभर उभ्या गाडीची बॅटरी उतरते, बंगल्याचा राखणदार शेजाऱ्याच्या गाडीवरून जंप मारून ती सुरू करतो, दहा मिनिटं चालवून परत बंद करतो. हे चार-पाच पावसाळे चाललं की बॅटरी मरतेच, शिवाय कमी व्होल्टेजमुळे गिअरबॉक्स, सस्पेन्शन, एबीएस सगळ्यांचे एरर मेमरीत साठतात. त्यातले खरे कोणते आणि बॅटरीमुळे आलेले कोणते, हे वेगळं करायलाच एक दिवस जातो. बॅटरीही साधी चालत नाही, एजीएम प्रकारची लागते, आणि बीएमडब्ल्यूसारख्या गाड्यांत नवी बॅटरी स्कॅनरने नोंदवावी लागते. तसं केलं नाही तर गाडी जुन्याच बॅटरीच्या हिशोबाने चार्जिंग करत राहते.

पण आपल्याकडे सगळ्यात जास्त पैसा खाते ती एअर सस्पेन्शन. यावर थोडं सविस्तर लिहितो, कारण ती नीट समजली तर तुमचे काही लाख वाचू शकतात.

या गाडीला स्टीलच्या स्प्रिंगा नाहीत. चारही चाकांवर हवेने फुगवलेल्या जाड रबरी पिशव्या आहेत, त्यांना आम्ही बेलो म्हणतो. एक लहान इलेक्ट्रिक कॉम्प्रेसर हवा भरतो, व्हॉल्व्ह ब्लॉक ती चारही चाकांना वाटतो, आणि चाकांजवळचे हाइट सेन्सर उंची किती आहे ते कळवत राहतात. यातलं रबर वयाने आणि हवामानाने खराब होतं, गाडी किती चालली याच्याशी त्याचा फारसा संबंध नाही. गाडी महिनोन्‌महिने खाली बसलेली असली की बेलोची घडी एकाच जागी दाबून राहते आणि तिथेच बारीक चिरा पडतात. हवा झिरपायला लागते. ती भरून काढायला कॉम्प्रेसर पुन्हा पुन्हा चालतो. तो सतत चालण्यासाठी बनवलेला नसतो, म्हणून तापतो आणि त्याची रिंग झिजते. त्यातच हवा कोरडी करणारा ड्रायर असतो. पावसाळ्यातली आपली दमट हवा ओढून ओढून त्यातले दाणे निकामी होतात, आणि ओलावा थेट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये पोचतो. एका बेलोचं काम अंगावर काढलं तर वर्षभरात बेलो, कॉम्प्रेसर आणि व्हॉल्व्ह ब्लॉक अशा तिन्हींचं होऊन बसतं.

यात एक गोष्ट मला फार लागते. स्कॅनरवर एरर बहुधा कॉम्प्रेसरचा येतो, म्हणून काही गॅरेजवाले कॉम्प्रेसर बदलून गाडी देऊन टाकतात. गळती शोधायला साबणाच्या पाण्याचा फवारा आणि अर्धा तास पुरतो, तेवढंही कोणी करत नाही. नवा कॉम्प्रेसर मग त्याच गळतीशी झगडत संपतो आणि गिऱ्हाईक पैसे दोनदा भरतो. तुम्ही कोणतीही एअर सस्पेन्शनची गाडी बघायला जाल तेव्हा संध्याकाळी ती सपाट जागेवर उभी करा आणि चारही चाकांच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंतची उंची टेपने मोजून लिहून ठेवा. सकाळी सुरू करण्याआधी पुन्हा मोजा. चारही बाजू किंचित उतरल्या तर घाबरू नका. एकच कोपरा बसला असेल तर गळती तिथे आहे.

या बाबतीत रेंज रोव्हर एकटी नाही. ऑडी क्यू७, मर्सिडीजच्या जीएल आणि जीएलएस, व्होल्वो एक्ससी९० च्या वरच्या व्हेरिएंट या सगळ्यांचं तत्त्व हेच. बीएमडब्ल्यू एक्स३, मर्सिडीज जीएलसी, रेंज रोव्हर बनवणाऱ्या लँड रोव्हरच्याच इव्होक आणि डिस्कव्हरी स्पोर्ट या गाड्या आपल्याकडे मुख्यतः स्टीलच्या स्प्रिंगवर आल्या, आणि निव्वळ त्या एका कारणाने जुन्या बाजारात मी त्यांना वरचा नंबर देतो.

दुसरा शत्रू पाणी. पणजीत वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, सत्तरीत त्याहून जास्त. पूर आलेल्या रस्त्यात गाडी घालू नये हे सगळ्यांना कळतं. आत शिरणारं पाणी मात्र बहुतेक वेळा उभ्या गाडीच्या छतातून येतं. मोठ्या सनरूफच्या चार कोपऱ्यांतून बारीक नळ्या खाली उतरतात, त्या पाणी वाहून नेतात. आंब्याचा मोहर, पानं, धूळ यांनी त्या तुंबल्या की पाणी खांबातून उतरून कार्पेटखाली, सीटखाली किंवा डिकीच्या खळग्यात साचतं. नेमकं तिथेच या कंपन्यांनी अॅम्प्लिफायर, बॅटरी आणि कंट्रोल युनिट बसवलेली असतात. २००७ ते २०१३ च्या पिढीतली बीएमडब्ल्यू एक्स५ यासाठी जगभर ओळखली जाते. त्या काळातल्या बऱ्याच गाड्यांत म्युझिक, नेव्हिगेशन आणि फोनची युनिट फायबर ऑप्टिकच्या एका वर्तुळात जोडलेली असतात. चवथीच्या जुन्या दिव्यांच्या माळेसारखं त्यांचं असतं, एक भिजलं की सगळं बंद. शिवोलीहून आमच्याकडे एक गाडी आली होती. तक्रार होती फक्त रिव्हर्स कॅमेऱ्याची. डिकीचा तळ उचलला तर बॅटरीच्या अर्ध्यापर्यंत पाणी, कनेक्टर हिरवे पडलेले, आणि वायरिंगचं वेष्टण उंदरांनी कुरतडलेलं. त्या मालकांना वायरिंगचं बिल कॅमेऱ्याच्या कितीतरी पट आलं.

पावसाचं पाणी इंजिनात ओढलं गेलं तर साध्या विमा पॉलिसीत ते नुकसान बहुधा नाकारलं जातं. त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट नावाचं जोड कव्हर वेगळं घ्यावं लागतं, आणि गाडीचं वय वाढलं की ते आणि झिरो डेप (घसारा न कापता भरपाई देणारं कव्हर) दोन्ही मिळणं कठीण होत जातं. आठ वर्षांच्या गाडीला कोणती कंपनी काय देते हे सौद्याच्या आधी लेखी विचारून घ्या.

खाऱ्या हवेबद्दल थोडक्यात. या पिढीच्या रेंज रोव्हर स्पोर्टची बॉडी ॲल्युमिनियमची आहे, त्यामुळे पत्रा गंजत नाही. सबफ्रेम, बोल्ट, ब्रेकच्या डिस्क मात्र लोखंडाच्याच. ॲल्युमिनियम आणि लोखंड जिथे एकमेकांना टेकतात तिथे खाऱ्या ओलाव्यात पांढरी पूड धरते आणि बोल्ट जाम होतात. अर्ध्या तासाचं काम मग अर्ध्या दिवसाचं होतं आणि मजुरी त्या हिशोबाने वाढते. किनाऱ्याजवळच्या गाड्यांचा एसी कंडेन्सरही लवकर झिरपतो.

आता इंजिन. ही तीन लिटर व्ही६ डिझेल चालवायला फार सुंदर आहे, पण तिचा क्रँकशाफ्ट (पिस्टनच्या जोरावर फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा) आणि त्याची बेअरिंग हा जगभर माहीत असलेला दुबळा भाग आहे. बेअरिंग फिरलं किंवा क्रँक तुटला की दुरुस्ती नसते, इंजिनच बदलावं लागतं. ठोकण्याचा आवाज यायला लागेपर्यंत उशीर झालेला असतो. कंपनीने युरोपात तेल बदलण्याचं अंतर पंचवीस हजार किलोमीटरच्या वर ठेवलं होतं. आपल्या उन्हात, ट्रॅफिकमध्ये आणि आपल्या वापरात ते मला अजिबात मान्य नाही. दहा हजार किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते. आसगावच्या गाडीत किलोमीटर न झाल्यामुळे तेल दोन-तीन वर्षं तसंच राहिलं असण्याची शक्यता मोठी आहे, म्हणून दर वर्षीच्या तेलाचं बिल मागा. याच इंजिनाला पुढे टायमिंग बेल्ट आहे आणि मागच्या बाजूला डिझेल पंप फिरवणारा दुसरा बेल्ट. मागचा बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही. बेल्टला किलोमीटरसोबत वर्षांचीही मर्यादा असते. आठ वर्षांच्या गाडीचे दोन्ही बेल्ट बदलल्याचं बिल दाखवता येत नसेल तर तो खर्च किमतीतून वजा करा.

दुसऱ्या गाड्या बघणार असाल तर प्रत्येकीचं दुखणं वेगळं आहे. लँड रोव्हरच्या नंतरच्या दोन लिटर इंजेनियम डिझेलमध्ये टायमिंग चेनची आणि तेलात डिझेल मिसळण्याची तक्रार आहे. ती चेन गिअरबॉक्सच्या बाजूला आहे, म्हणजे चेन बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो. बीएमडब्ल्यूच्या सहा सिलिंडर डिझेललाही चेन मागेच आहे, पण इंजिन एकंदर दमदार. त्यांच्या डिझेल गाड्यांत ईजीआर कूलर (इंजिनात परत पाठवायचा धूर थंड करणारा भाग) गळून आग लागण्याच्या घटनांनंतर २०१८ मध्ये मोठा रिकॉल झाला होता, म्हणून त्या काळातली गाडी घेताना रिकॉलचं काम झालंय का ते चेसिस नंबरवरून तपासून घ्या. मर्सिडीजच्या एमएल आणि जीएल ३५० मधली व्ही६ डिझेल लांब पल्ल्याची आहे. तिच्या ऑइल कूलरची सीलं मात्र इंजिनाच्या दोन ओळींच्या मधल्या खळग्यात बसवली आहेत. सीलं स्वस्त असतात, पण तिथवर पोचायला टर्बो आणि इनटेक उतरवावं लागतं. व्ही८ पेट्रोल बीएमडब्ल्यूच्या वाटेला गोव्यात जाऊ नका. त्या इंजिनात टर्बो सिलिंडरांच्या मधोमध आहेत आणि त्या उष्णतेने भोवतालची रबरं, नळ्या, सीलं भाजून निघतात. मी कोणाला मनापासून सुचवतो असं विचाराल तर बीएमडब्ल्यूचं तीन लिटरचं अलीकडचं सहा सिलिंडर पेट्रोल, ज्याला बी५८ म्हणतात.

डिझेल म्हटलं की डीपीएफ आलाच. सायलेन्सरमधला हा फिल्टर काजळी अडवतो आणि ठरावीक वेळाने ती जाळतो. त्यासाठी गाडी वीसेक मिनिटं एका वेगाने तापून पळायला लागते. फोंडा ते वेर्णा या रस्त्यावर बोरीच्या पुलापाशी रांग, पुढे लोटलीची वळणं, मग कारखान्यांच्या ट्रकांच्या मागे रांगणं. जाळण्याचं काम सुरू होतं आणि तुम्ही ऑफिसला पोचून इंजिन बंद करता. अर्धवट राहिलेल्या प्रत्येक वेळी जास्तीचं डिझेल तेलात उतरतं आणि तेल पातळ होतं. हेच पातळ तेल त्या नाजूक बेअरिंगांना मिळतं. कोल्हापूरची फेरी बेळगाववरून केलीत तर त्या हायवेवर हे काम पूर्ण होईल, पण दोन महिन्यांतून एकदा पुरणार नाही. तेलही कमी राखेचं, डीपीएफसाठी बनवलेलंच लागतं. नुसतं ‘सिंथेटिक आहे’ म्हणून घालू नका, डब्यावर मागे कंपनीची मान्यता लिहिलेली असते ती वाचा.

रेंज रोव्हरचा गिअरबॉक्स झेडएफ या जर्मन कंपनीचा, आठ गिअरचा आहे आणि तो उत्तम आहे. गाड्यांच्या कंपन्या त्याचं तेल ‘आयुष्यभराचं’ आहे असं सांगतात. खुद्द झेडएफ ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा आठ वर्षांनी बदला म्हणते. ही गाडी आठ वर्षांची झाली आहे.

पैशाचं बोलू. गाडी घसरून ३५ लाखांवर आली, पण तिचे सुटे भाग आजही एक कोटीच्या गाडीचेच आहेत. ब्रेक डिस्कच्या दुकानदाराला तुम्ही गाडी कितीला घेतली याच्याशी काही देणंघेणं नसतं. माझ्या अंदाजाने साधी तेल-फिल्टरची सर्व्हिस चाळीस-पन्नास हजार, चार टायर दीड लाखाच्या आसपास, एक एलईडी हेडलॅम्प लाखाच्या वर. वॉरंटीबाहेरच्या या वर्गातल्या गाडीला मी सरासरी वर्षाला तीन लाख धरायला सांगतो, इंधन आणि विमा सोडून. एखाद्या वर्षी लाखात भागेल, पुढच्या वर्षी सहा लागतील. त्यापुढे डिझेल किरकोळ आहे. वर्षाला बारा हजार किलोमीटर, लिटरला नऊ, भाव नव्वदच्या आसपास, म्हणजे सव्वा लाखाच्या आत. लोक मायलेज विचारतात आणि बेलोची किंमत विचारत नाहीत, याचं मला नेहमी आश्चर्य वाटतं.

खर्च खाली आणण्याचा प्रामाणिक मार्ग आहे. या गाड्यांचे बरेच भाग झेडएफ, बॉश, माहले, लेमफोर्डर, एएमके, वॅबको यांच्यासारख्या कंपन्या बनवतात, आणि त्यांच्याच डब्यात तोच भाग स्वस्त मिळतो. एअर सस्पेन्शनसाठी आर्नॉटसारखे बाहेरचे पर्यायही चांगले आहेत. फक्त ते ओळखणारा मेस्त्री हवा, आणि त्याच्याकडे त्या कंपनीचं स्वतःचं निदान सॉफ्टवेअर हवं. बीएमडब्ल्यूला इस्टा, मर्सिडीजला झेंट्री, ऑडीला ओडिस, लँड रोव्हरला पाथफाइंडर. कोणत्याही गाडीला चालणाऱ्या दहा हजारांच्या स्कॅनरने या गाडीची अर्धी युनिट दिसतच नाहीत. गोव्यात असे हात मोजके आहेत आणि पार्ट बाहेरून यायला वेळ लागतो. गाडी दोन-तीन आठवडे उभी राहिली तर वेर्ण्याला कशाने जाणार याचं उत्तर तुमच्याकडे हवं. घरात दुसरी गाडी नसेल तर मी इथेच थांबायला सांगेन.

कागदपत्रांचं बघा. पाटी दिल्लीची आहे का? राजधानी परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर २०१५ मध्ये हरित लवादाने आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्बंध आणले, तेव्हापासून तिथल्या मोठ्या डिझेल गाड्या स्वस्तात इकडे यायला लागल्या. गाडी वर्षभरापेक्षा जास्त दुसऱ्या राज्यात ठेवली तर तिथली नोंदणी करावी लागते. आठ वर्षांत ती झाली नसेल तर एनओसी, गोव्याचा रोड टॅक्स, कर्जाचा बोजा आणि दिल्लीतले थकलेले चलान हे सगळं तुमच्या गळ्यात येईल. शिवाय सप्टेंबर २०२५ मध्ये मोठ्या एसयूव्हीवरचा एकूण कर ५० टक्क्यांवरून ४० वर आला. नव्या गाड्या उतरल्या, त्या हिशोबाने जुन्याही उतरायला हव्यात. विकणारा त्याआधीचा भाव सांगत असेल तर ऐकून घेऊ नका.

म्हणून तुमच्यासाठी माझं मत असं आहे. ३५ लाख हेच सगळे पैसे असतील तर नवी गाडी घ्या. तुमचा रोजचा रस्ता, एकच गाडी आणि शिल्लक शून्य, या तिन्ही गोष्टी या रेंज रोव्हरच्या विरोधात आहेत. मन अगदी तिच्यावरच बसलं असेल तर ती २६-२७ लाखांवर येते का बघा आणि उरलेले आठ लाख फक्त तिच्यासाठी बाजूला ठेवा. ते पैसे पहिल्या दोन वर्षांत लागतील असंच धरून चाला.

आणि तपासणीशिवाय टोकन देऊ नका. पाथफाइंडर असलेल्या माणसाला सोबत न्या. सगळे एरर सौद्याच्या आदल्या दिवशी पुसलेले असतील तर स्कॅनरवर बऱ्याच चाचण्या ‘अपूर्ण’ दिसतात, आणि किलोमीटर कमी केले असतील तर दुसऱ्या एखाद्या युनिटमध्ये खरा आकडा सापडू शकतो. डिकीचा तळ आणि पुढच्या सीटखालचं कार्पेट हाताने दाबून ओल बघा. इंजिनच्या तेलाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवता आला तर त्यात बेअरिंगचा धातू उतरलाय का ते कळतं. गाडी आसगावलाच, सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना बघा. मालकांना आदल्या दिवशीच सांगा की आम्ही येईपर्यंत ती सुरू करू नका. पोचल्यावर बॉनेट उघडून इंजिनाला हात लावा. ते गरम लागलं तर त्या दिवशी परत या आणि दुसरा दिवस मागा.